महाडची दहा वर्षे आणि मनाचा तोल

मनाचे आरोग्य हा विषय आता आपल्या वस्त्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. तो यायलाच हवा होता. परंतु तो ज्या भाषेत आला आहे ती भाषा आपल्या जगण्यातून आलेली आहे काय, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

मी ज्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो, तेथे मागच्या वर्षी ताणतणावावर एक व्याख्यान झाले. वक्ते अभ्यासू होते. सकाळी तासभर स्वतःसाठी काढावा, श्वासाकडे लक्ष द्यावे, मनाला त्रास देणाऱ्या माणसांपासून दूर राहावे, जे आपल्या हाती नाही त्याची चिंता सोडावी, असे त्यांनी सांगितले. यातले काहीही चुकीचे नव्हते. व्याख्यान संपल्यावर डोलवीकडून येणारी एक विद्यार्थिनी जवळ आली आणि म्हणाली, "सर, सकाळचा तास माझा नसतो, पाण्याचा असतो. आणि त्रास देणारी माणसं सोडायची म्हणजे गावच सोडायचं का?"

मला उत्तर देता आले नाही. तिचे वडील ठेकेदाराकडे कामाला जातात. पुढच्या महिन्यात काम असेल की नसेल, हे त्यांना ठाऊक नसते. माझी स्थिती फार वेगळी नाही. दरवर्षी नवी नेमणूक, दरवर्षी नवी धाकधूक. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आई अजून विचारते, "बाळा, तू कायम कधी होणार?" या प्रश्नाने रात्रीची झोप जाते, हे मी कुणाला सांगत नाही. सांगायचे असते हेच आम्हाला कुणी शिकवलेले नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाने मला माझ्याच विषयाकडे परत नेले. आम्ही वर्गात शिकवतो की २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. तारखा पाठ होतात. पण मार खाऊन गावी परतलेली ती माणसे त्या रात्री झोपली कशी? दुसऱ्या दिवशी दुकानदाराने मीठ नाकारले तेव्हा त्यांनी मन कसे सावरले? ज्या समाजाला उद्याची खात्री कधीच नव्हती त्याने मनाचा तोल कशाच्या बळावर राखला? मनाची निगा राखण्याचा आपलाही एक इतिहास आहे आणि तो याच जिल्ह्यात, कालच्या कुलाब्यात, १९८१ पासूनच्या रायगडात घडलेला आहे.

१

पहिल्यांदा त्या काळची अनिश्चितता समजून घेतली पाहिजे. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही झाले होते. तळ्यावर जाण्याची मात्र कोणाची छाती नव्हती, कारण गावची महारकी, जमिनीचा तुकडा, वाण्याचे उधार, गुरांना चरायला लागणारे रान, हे सारे ज्यांच्या मर्जीवर होते त्यांचाच रोष ओढवणार होता. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात हेच नोंदवले. हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांपुढे उघड मारहाणीची भीती असते आणि तिच्या जोडीला बहिष्काराचे हत्यार राखून ठेवलेले असते, असा त्या नोंदीचा आशय आहे.

बहिष्कार हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण बहिष्कार पोटावर येतो तसाच मनावरही येतो. त्याचा हेतूच मुळी माणसाला एकटे पाडण्याचा असतो. ज्याला कोणी बोलत नाही, ज्याच्याकडून कोणी घेत नाही, ज्याला कोणी देत नाही, तो हळूहळू स्वतःलाच दोष देऊ लागतो. म्हणून त्या काळच्या कार्यकर्त्यांनी आधी बसण्याची जागा निर्माण केली. महाडजवळच्या लाडवलीत जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहान वयात शिष्यवृत्ती मिळूनही शाळेचा प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा त्यांनी आपली तक्रार वर्तमानपत्रात छापून आणून प्रवेश मिळवला. पुढे महाडच्या परिषदेची जुळवाजुळव करणाऱ्यांत तेच होते. त्यांच्या आठवणींत महाडच्या बाजारातल्या, आपल्याच माणसाने चालवलेल्या एका चहाच्या दुकानाचा उल्लेख येतो. लाकूडफाटा, गवताचे भारे घेऊन बाजारात येणाऱ्या अस्पृश्यांना शहरात पाण्याचा घोट मिळत नसे. तेथे पाणी मिळे, चहा मिळे आणि बोलायला माणूस मिळे. तळ्याच्या पाण्याची गोष्ट निघाली ती अशा ठिकाणी. अपमान बोलून दाखवता येईल अशी जागा मिळाली की त्या अपमानाचा प्रश्न बनतो. ती नाही मिळाली तर त्याचे दुखणे होते.

२

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग प्रतिनिधी रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्याच वेळात अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठवण्यात आली आणि मंडपात जेवत असलेल्या माणसांवर लाठ्या पडू लागल्या. अन्न मातीत गेले. बायामाणसे, म्हातारे, कोणाचीही गय झाली नाही. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

बाबासाहेब डाक बंगल्यात होते. तेथे जमलेली माणसे चवताळलेली होती. त्यांत पलटणीत नोकरी केलेले पेन्शनर होते, हाताला हत्याराची सवय असलेले. एक शब्द मिळाला असता तर त्या दिवशी महाडमध्ये रक्त सांडले असते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. प्रकरण कायद्याच्या मार्गाने न्यायचे ठरले. हल्लेखोरांवर खटला झाला आणि जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याला सहन करायला शिकवणारे या देशात पुष्कळ झाले. सोसावे, प्रारब्ध म्हणावे, जोहार घालावा, हे शहाणपण हजार वर्षे आपल्या गळी उतरवण्यात आले. २० मार्चचा संयम त्या जातीचा नव्हता. सोसण्यात राग गिळला जातो आणि तो घरात बायकापोरांवर निघतो किंवा दारूच्या गुत्त्यावर जिरतो. महाडच्या संयमात राग जिवंत ठेवून त्याला काम देण्यात आले. जखमींची नावे लिहून घ्या, साक्षीदार उभे करा, फिर्याद नोंदवा, वर्तमानपत्र काढा. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाले. रागाला काम मिळाले की मनाला बूड मिळते, हा मला त्या दिवसाचा पहिला धडा वाटतो.

३

दुसरा धडा डिसेंबरचा आहे. मधल्या काळात तळे गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून शुद्ध करण्यात आले होते आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला होता. म्हणून सत्याग्रह परिषद भरवण्याचे ठरले. मुंबईहून महाडला जाण्याचा सोयीचा मार्ग त्या काळी आमच्या भागातून होता. बोटीने धरमतरला उतरायचे आणि तेथून मोटारीने महाड गाठायचे. धरमतर डोलवीच्या शेजारी, याच अंबा नदीच्या खाडीवर. पण धरमतरचे मोटारवाले ऐन वेळी नेण्याचे नाकारतील अशी धास्ती होती. म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने समुद्रमार्गे निघाले, दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले आणि तेथून पाच मैल पायी चालत महाडला पोहोचले.

आज या बाजूने महामार्ग गेला आहे. नव्वदीच्या दशकात डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला. पण मी जेव्हा धरमतरच्या पुलावरून जातो तेव्हा मला न आलेल्या त्या मोटारी आठवतात. समोरचा दगा देईल हे गृहीत धरून आपली वाट आधीच ठरवून ठेवणे, यालाही मनाचा तोल म्हणतात. अपेक्षाभंगाने खचायचे नसेल तर कोणाच्या भरवशावर राहायचे आणि कोणाच्या नाही, हे आधी ठरवावे लागते.

हीच दृष्टी परिषदेच्या तयारीत दिसते. महाडचे व्यापारी माल देणार नाहीत हे ओळखून धान्य बाहेरून आणून दहा दिवसांची बेगमी करण्यात आली. जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन मंडपासाठी दिली. अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस, बापूसाहेब सहस्रबुद्धे ही सवर्ण घरांतली माणसे आपल्या जातीचा रोष पत्करून राबत होती. लढ्याच्या इतिहासात धान्याच्या पोत्यांना जागा मिळत नाही. पण मार खाण्याच्या तयारीने आलेल्या हजारो माणसांना रात्री भाकरी मिळेल याची खात्री असणे, ही त्यांच्या धैर्याची निम्मी बाजू होती.

२५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. केवळ पाणी पिण्यासाठी आपण जमलेलो नाही, समतेची घडी बसवण्यासाठी जमलो आहोत, असे त्यांनी बजावले. रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. पण तत्पूर्वीच, १४ डिसेंबरला, विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. २६ तारखेला वाद झाला. मंडपात बोलणारे बहुतेक सारे सत्याग्रहाच्या बाजूचे होते. तळ्यावर जाण्यासाठी नावे नोंदवणाऱ्यांची संख्या ३,८८४ भरली. कलेक्टरने मंडपात येऊन मनाई मोडू नका असे सांगितले. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला आणि सभेने तो मान्य केला. मग सारे मिरवणुकीने शहरातून, तळ्याला वळसा घालून परतले. पाण्याला हात न लावता.

तुरुंगात जाण्याची तयारी करून आलेल्या माणसाला परत फिरण्यास सांगणे सोपे नाही. ते मानले गेले, कारण त्यांना गप्प बसवलेले नव्हते. दिवसभर प्रत्येकाला बोलू दिले, नाव लिहू दिले, विरोध करू दिला. निर्णय त्यांचा झाला. वरून लादलेला संयम आणि स्वतः ठरवलेला संयम यांत मनाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने माणूस खुजा होतो. दुसऱ्याने तो घरी ताठ मानेने जातो.

४

तिसरा धडा स्त्रियांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे उच्च मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रियांप्रमाणे घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण असलेले जड दागिने उतरवा, स्वच्छ राहा, मेलेल्या गुराचे मांस घरात शिजवू नका, मुलींना शाळेत घाला, असा त्याचा आशय होता. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी नेसण्याची ती पद्धत दाखवली आणि कित्येक बाया गावी परतल्या त्या नव्या नेसणीने.

आज काही अभ्यासक याला वरच्या जातींचे अनुकरण म्हणतात. त्या टीकेत तथ्य नाही असे नाही. परंतु अंगावरच्या वस्त्राची उंचीसुद्धा ज्यांना दुसऱ्याने ठरवून दिली होती, त्यांनी आरशाशिवाय एकमेकींच्या निऱ्या सारख्या केल्या, या घटनेचा अर्थ एवढ्यावर संपत नाही. हे अंग माझे आहे, ते नीट ठेवण्याच्या लायकीचे आहे, ही जाणीव प्रथम झाली. स्वतःची निगा म्हणजे काय, याची यापेक्षा सरळ व्याख्या मला सापडत नाही. आणि ती निगा एकटीने राखलेली नव्हती. एकीने दुसरीला शिकवली होती, दुसरीने ती गावी नेऊन तिसरीला. गावच्या पाटील-खोतांना ते वस्त्र सलणार होते, हे त्या जाणून होत्या.

५

खरी परीक्षा नंतरची होती. तळ्याचा दावा चालत राहिला. १९३१ साली खालच्या न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला, त्यावर अपील झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस कमी होते.

ही दहा वर्षे माणसांनी कशी काढली? नुसती वाट पाहत बसून काढली नाहीत. साक्षर माणूस 'बहिष्कृत भारत' आणि नंतर 'जनता' वाचून दाखवी आणि वाडा ऐके. नाशिककडे भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे उभे राहिले. हसत हसत विचार पोहोचवणारी ती रात्र थकल्या माणसांची विश्रांतीही होती. याच जिल्ह्यात, डोलवीच्या खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातील चरीला, १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो १९३९ पर्यंत टिकला. जमिनी पडीक राहिल्या, लोकांनी लाकूडफाटा विकून, मासे धरून दिवस काढले. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब चरीच्या परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. आगरी कुणब्याचा आणि महाराचा शत्रू एकच आहे हे कळणे, यानेही एकटेपणा तुटला.

खारेपाटातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. उधाणाने बांधाला खांड पडली की ज्याच्या शेताला लागून पडली त्याने ती एकट्याने बुजवायची नसते. सगळ्यांनी धावायचे असते, कारण खारे पाणी कोणाचे शेत ओळखत नाही.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या वाट्याला या काळात काय आले? महाडच्या आधल्या वर्षी, जुलै १९२६ मध्ये, त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. ते दुःख त्यांनी मित्राला पत्र लिहून मोकळे केले. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा ते शोकाने कोलमडले होते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. उत्तरायुष्यात मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना ते व्हायोलिन शिकत होते. आपण त्यांचे पुतळे उभारतो, पण रडणारे, मित्राला पत्र लिहिणारे, व्हायोलिनवर चुकत चुकत बोटे फिरवणारे बाबासाहेब आपल्या मुलांना सांगत नाही. त्यामुळे मुलांना वाटते की मोठी माणसे कधी खचत नाहीत आणि आपण खचलो म्हणजे आपणच कमी.

६

असाच अनुभव सातासमुद्रापलीकडच्या आपल्या भाऊबंदांचाही आहे. अमेरिकेत माँटगोमेरी शहराच्या कृष्णवर्णीयांनी डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. ते टिकले, कारण त्यांनी आपल्या मोटारी एकत्र करून माणसे कामावर पोहोचवली आणि चर्चमध्ये नेमाने सभा घेऊन एकमेकांचा धीर राखला. धरमतरच्या मोटारींची गोष्ट आपल्याला ठाऊक असेल तर हे परके वाटत नाही. ज्यांचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्या ब्लॅक पँथरांनी १९६९ पासून ऑकलंडमध्ये मुलांना सकाळची मोफत न्याहारी दिली, पुढे दवाखाने काढले. ऑड्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय कवयित्रीने कर्करोगाशी झुंजताना १९८८ मध्ये लिहिले की स्वतःला जपणे हा चैनीचा भाग नाही, ते तगून राहणे आहे आणि म्हणून राजकीय कृत्य आहे. स्वतःची निगा हा शब्द चळवळीत असा वाढला. पुढे बाजाराने तो उचलला, त्यातला समाज काढून टाकला आणि सुगंधी मेणबत्तीसह आपल्याला विकायला आणला. श्वासाकडे लक्ष देण्याची विद्याही तशीच. ती बुद्धाने फुकट दिली होती, आणि एकट्या भिक्खूला नव्हे, संघाला दिली होती.

आणि एकटे पडल्यावर काय होते हेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. अशा प्रत्येक वेळी मन कमकुवत होते असे म्हणणारे निघतात. वास्तविक मन कमकुवत नव्हते. त्या मनाभोवती महाड नव्हते. या दोघांच्या आयांनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, २०१९ साली एकत्र येऊन विद्यापीठांतील जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. दुःखाला काम देण्याची ती महाडचीच रीत होती.

याचा अर्थ डॉक्टरांची गरज नाही असा कोणी घेऊ नये. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो, तसेच मन आजारी पडले तर गेले पाहिजे. लाजू नये. सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, हे आपल्या प्रत्येक वस्तिगृहाच्या भिंतीवर लिहिलेले असावे. श्वासाचा अभ्यासही करावा. पण ज्या ताणाचे कारण समाजात आहे त्याचा सगळा भार एकट्याच्या डोक्यावर ठेवून 'तू सकारात्मक राहा' असे सांगणे, हा त्याच जुन्या प्रारब्धाचा नवा अवतार आहे.

गेल्या काही महिन्यांपासून शनिवारी दुपारी तास संपल्यावर आम्ही एका रिकाम्या वर्गात बसतो. आठ-दहा मुले-मुली असतात. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडलेला असतो, कोणाला गावात काही ऐकून घ्यावे लागलेले असते, कोणाच्या वडिलांचे काम सुटलेले असते. अर्ज भरतो, डबा वाटून खातो, जे झाले ते बोलतो. वाईट बातमी घेऊन कोणी एकट्याने घरी जायचे नाही, एवढा एकच नियम आहे. एकदा मीही माझ्या नेमणुकीची धाकधूक त्यांच्यापुढे बोललो. आभाळ कोसळले नाही. त्या रात्री झोप लागली.

डोलवीकडची ती मुलगीही येते. तिला तेव्हा न दिलेले उत्तर मी नंतर दिले. सकाळचा तास तुझा नाही, कारण नळाला पाणी नाही. म्हणून तो मिळवायचा तर अर्ज पाण्याचा करावा लागेल आणि सह्या साऱ्या आळीच्या घ्याव्या लागतील. तिने वहीचे पान फाडले आणि पहिली सही आईची घेऊन आली. आईला सही येत नव्हती. ती त्या रात्री मुलीकडून शिकली होती.